शून्यापाशी थांबणारे सर

दवाखाना सहा किलोमीटर लांब आहे, असं कोणी म्हटलं की आमचे सर उलट विचारायचे, "कोणासाठी?"

झालं, सांगणाऱ्याची पंचाईत. कोणासाठी म्हणजे काय? सहा किलोमीटर म्हणजे सहा किलोमीटर. पण सरांना ते पटायचं नाही. "तुह्यासाठी सहा," ते म्हणायचे. "दम्याच्या बुढ्यासाठी किती? पोटुशी बाई हाये, तिच्यासाठी किती?" समोरचा गप्प झाला की सर शर्टाच्या खिशातून एक सुका शिंगाडा काढून तोंडात टाकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. ते मिटलेले डोळे हा आमच्या कचेरीतला रोजचा वाद होता. झोपले आहेत की विचार करताहेत, कोणालाच कळायचं नाही. मी एकदा त्यांच्या नाकापुढे हात हलवून पाहिला होता. "माशी हाये का पोरी?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं. मी जी सटकले ती संध्याकाळपर्यंत त्या खोलीत फिरकले नाही.

कचेरी म्हणजे लाखांदुरातल्या एका कृषी केंद्रामागच्या दोन खोल्या. खताचा वास कपड्यांना लागायचा, घरी गेलं की आई नाक मुरडायची. मी समाजकार्याची पदवी घेऊन वर्षभर घरी बसले होते, आणि लग्नाचा विषय टळेल म्हणून ही नोकरी धरली होती, खोटं कशाला सांगू. काम सर्वेक्षणाचं. जिल्ह्यात कोणाला उपचार मिळतात, कोणाला मिळत नाहीत, आणि मिळवायला माणसाला काय काय सोडावं लागतं, एवढंच शोधायचं होतं. सर या अभ्यासाचे प्रमुख. मूळचे अड्याळचे. मोठ्या शहरात कितीतरी वर्षं शिकवून परत आलेले, पण बोलणं अस्सल झाडीपट्टीतलं. साठी ओलांडलेली, अंगावर कायम एकच राखाडी स्वेटर. मनगटावर घड्याळ नसायचं, ते पँटच्या खिशात असायचं. काढून बघतानाही ते जरा लाजायचे.

कचेरीच्या भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला नकाशा होता. त्यात रस्तेच नव्हते. गावांच्या मधे नुसते ठिपके. पहिल्या दिवशी मला वाटलं, भिंतीला बुरशी आली. ते ठिपके म्हणजे आजारी माणूस दवाखान्याच्या वाटेवर जिथे जिथे टेकतो त्या जागा. पुलाचा कठडा, मोहाचं झाड, बंद पडलेली राईस मिल, एसटीच्या थांब्याचा ओटा. हे सगळे त्यांनी माणसांबरोबर चालून काढले होते. धानाच्या बांध्यांमधून एखादी म्हातारी दवाखान्याला निघाली की सर तिच्या मागे निघायचे. ती बसली की बसायचे, ती उठली की उठायचे. एका म्हातारीनं शेवटी कीव येऊन विचारलं, "तुम्ही बी बिमार हाओ का जी?"

"नाई माय. शिकून राहिलो."

"ह्या वयात?" ती म्हणाली, आणि तिनं आपल्या शिदोरीतली अर्धी भाकर त्यांना दिली. ती भाकर चांगली होती, हे सर आम्हाला महिनाभर सांगत होते.

नाकाडोंगरीचा किस्सा तर मी कितीदा सांगितला असेल. एका सकाळी सर लाखांदूरच्या बैठकीला यायचे होते आणि आलेच नाहीत. दुपारी फोन. "मी नाकाडोंगरीले हाओ." नाकाडोंगरी जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, जंगलाच्या आणि खाणींच्या पट्ट्यात. आम्ही खालच्या टोकाला. मी विचारलं, "सर, काहून?"

"तिची पिशवी माह्यापाशी होती."

भंडाऱ्याच्या स्टँडवर तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेतलेल्या एका बाईनं त्यांना जरा पिशवी धरायला सांगितली होती. दवाखान्यातून परत निघाली होती ती. सरांनी पिशवी धरली, तिच्यामागे बसमध्ये चढले, आणि उतरले ते तिच्या दारातच. दोन दिवस तिथेच होते. परत आले तेव्हा त्यांच्या वहीत एकच गोष्ट लिहिलेली होती : परतीच्या वाटेवर बाई जास्त वेळा टेकते, कारण जाताना आशा असते. मी म्हटलं, सर, हे अहवालात कसं घालायचं? ते म्हणाले, "नको घालू. तुले ठाऊक झालं ना, बस्स."

असा माणूस. रागावू तरी किती? एकदा एका दवाखान्यात ते दिवसभर रांगेतल्या बाकावर बसून होते. नंबर आला की मागच्याला पुढे सोडायचे आणि स्वतः पुन्हा शेवटी जाऊन बसायचे. दुपारी सिस्टरनं ओळखलं. "आजोबा, तुमचं दुखते तरी काय?" सर म्हणाले, "अजून काही नाई. पण दुखाले लागलं आता." आणि खरंच कंबर धरून उठले. त्या संध्याकाळी ते खूष होते.

एक नियम मात्र त्यांनी आम्हाला घोटून घोटून शिकवला होता. प्रश्नाला एकामागून एक तीन घरांत 'नाही' आलं, की थांबायचं. टॅब बंद करायचा, पाणी मागायचं, आणि गप्प बसायचं. "शून्य लिहाले सगळ्यात जास्त वेळ लागला पाहिजे," ते म्हणायचे. "शून्य म्हंजे तिथं काही नाई असं नसते पोरी. लय वेळा आपल्याले दिसत नाई एवढंच असते."

आम्ही माना डोलवायचो. मान डोलवायला काय जातं.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत, आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते.

आमच्या गावाला मोठा तलाव आहे. अलीकडे आम्ही, धान करणारे. पल्याडच्या काठावर मासेमारी करणाऱ्यांचा टोला, तीस-बत्तीस घरांचा. हिवाळ्याच्या सकाळी तलावावर धुकं इतकं दाट असतं की पलीकडचा टोला दिसत नाही, नुसते आवाज येतात, कोंबड्याचे, भांड्यांचे, कोणीतरी कोणाला हाक मारतंय त्याचे. लहानपणी मला वाटायचं, तिकडे गावच नाही, तलावच बोलतो. टोल्यातल्या बाया आमच्या दारात मासे घेऊन यायच्या. लहानपणापासून खाल्ले त्यांचे मासे. पण त्यांच्यातली एकही आमच्या ओसरीच्या वर आलेली मला आठवत नाही, आणि मी टोल्यात पाऊल ठेवलं ते थेट नोकरी लागल्यावर, हातात टॅब घेऊन.

त्या वेळी सरकारचा एक फिरता दवाखाना सुरू होणार होता. डॉक्टर, नर्स, औषधं असलेली गाडी, आठवड्यातून एकदा गावात येणारी. ती कुठे कुठे थांबणार हे आमच्या सर्वेक्षणावरून ठरायचं होतं. आमच्या गावापासून दवाखाना तसा बरा, एसटी आहे. टोल्याला मात्र तलावाला अख्खा वळसा घालून यावं लागतं, किंवा डोंग्यातून, लाकडाच्या त्या अरुंद होडीतून. आजारी माणूस डोंग्यात बसवणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. सरांच्या नकाशात त्या वळशावर नऊ ठिपके होते.

मी टोल्यात गेले ती दुपारची. पहिल्याच दारात एक म्हातारी आजी जाळं दुरुस्त करत बसली होती. तिच्या सुनेनं मला पाणी आणून दिलं. मी टॅबवरचा प्रश्न विचारला : गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी होतं का?

"नाई," आजी म्हणाली.

दुसऱ्या घरी नाही. तिसऱ्या घरी नाही. मला सरांचा नियम आठवला नाही असं नाही. आठवला. पण ऊन उतरत होतं, डोंगेवाला घाई करत होता, आणि खरं सांगू का, मला बरं वाटत होतं. इतकं सोपं काम कधी नव्हतं. मनात म्हटलं, मासे खाणारी माणसं, असतील धडधाकट. दोन तासांत मी सगळा टोला संपवला. आजारी : शून्य. खर्च : शून्य. टॅबनं हिरवी खूण दाखवली.

सरांनी ते आकडे पाहिले तेव्हा डोळे मिटले नाहीत. सताड उघडे होते. "किती वेळ बसली होतीस?" एवढंच विचारलं. मी खोटं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वेटर घालून ते टोल्याकडे निघून गेले, वळशाच्या वाटेनं, पायी.

तीन दिवस ते तिकडे होते. काठावर बसून राहायचे म्हणे. कोणाला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या आजीजवळ बसून जाळ्याची गाठ कशी मारतात ते शिकले आणि सहज म्हणाले, "माय, मी कदी येऊ?"

"घेर ओढला का ये," आजी म्हणाली. "आता तलाव आयकते."

घेर म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. हिवाळा लागला की टोल्यातले लोक तलावाच्या एका कोपऱ्यात बांबू रोवून जाळ्यांचं कुंपण घालतात. पंधरा-वीस दिवस मासे आत जमत राहतात आणि मग एका सकाळी सगळा टोला मिळून तो घेर ओढतो. वर्षाची मोठी मासोळी तीच. हे मी दरवर्षी आमच्या काठावरून पाहिलं होतं. पण घेर पाण्यात असेपर्यंत टोल्यात कोणी घरचं दुखणं तोंडानं बोलत नाही, बोललं तर तलाव ऐकतो आणि मासे घेराबाहेर सोडून देतो, हे मात्र सरांनी परत येऊन सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. एवढ्याशा पाण्याच्या दोन काठांवर पिढ्यानपिढ्या राहिलो आम्ही. आई चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "आपण कदी इचारलंच नाई वो."

सर मला रागाचा एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वर फोन लावून टोल्याचा रकाना रिकामा ठेवा म्हणून सांगितलं. पण टॅब रिकामा रकाना घेत नव्हता, आणि मुदत संपत आली होती. गाडीचे थांबे ठरवणारे साहेब स्वतः गावात येणार होते. तशी सरांचीच अट होती, अहवाल वर जायच्या आधी गावापुढे वाचून दाखवायचा. साहेब आले, पण घेर ओढायला अजून आठवडा होता.

सभा तलावाच्या पाळीवर, मातीच्या त्या बांधावर, चिंचेखाली भरली. सकाळची वेळ, धुकं अजून पाण्यावर रेंगाळलेलं. डोंग्यांतून टोल्यातले लोक आले आणि एका बाजूला बसले, नेहमीसारखे, जरा अंतर ठेवून. आजी पुढे होती, तिच्यामागे सून, पदर पोटावरून ओढून घेतलेली. त्या दिवशी प्रथमच मी तिचे पाय पाहिले. सुजून चपलेच्या बाहेर आले होते. आठ-दहा दिवसांपूर्वी ह्याच पायांनी तिनं मला पाणी आणून दिलं होतं.

मी अहवाल वाचायला लागले. टोल्याच्या ओळीपाशी मी थांबले. साहेबांनी कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतः वाचलं, "पल्याडचा टोला. आजारी कोणी नाही. थांबा आवश्यक नाही."

आमची माणसं कागदाकडे बघत होती. टोल्याची पाण्याकडे.

सर उठले. "साहेब, एक आठवडा द्या."

"सर, तुमच्याबद्दल मला आदर आहे," साहेब म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. "पण आजची यादी आज जाते. उद्यापासून बदल वर्षभर होत नाही. आजारी असतील तर ही माणसं समोर बसली आहेत, एकानं सांगावं. मी इथंच लिहून घेतो." मग ते टोल्याकडे वळले. "सांगा ना. आहे का कोणी आजारी?"

आजीनं मान खाली घातली. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल ना माय, एकदा बोल. काय व्हायचं आहे? मासेच ना? आणि तेवढ्यात सरांचा आवाज आला. त्यांना चढ्या आवाजात बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

"त्यायले बोलाले लावाचं नाई. आपल्या कामाची घाई आपली. त्यायची नाई."

"मग मी काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

सरांनी खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. इतका शहाणा माणूस, आणि त्याला काही सुचत नव्हतं. मला रडू यायला लागलं.

मग टोल्यातला एक माणूस उठला. आजीचा मुलगा. त्यानं आईकडे पाहिलं, आईनं सुनेकडे पाहिलं आणि मान हलवली, इतकीच, जराशी. तो पाळ उतरून पाण्याकडे चालू लागला. त्याच्यामागे दुसरा उठला, तिसरा उठला. डोंगे धुक्यात शिरले आणि दिसेनासे झाले. आम्ही सगळे पाळीवर बसून होतो, आणि पाण्यावरून फक्त बांबू उपटल्याचे आवाज येत होते, एकामागून एक. साहेब विचारत होते, काय चाललंय, कुठे गेले हे लोक. त्यांना कोणी सांगेना. शेवटी माझी आई म्हणाली, "घेर काढून राहिले जी. भरला नोहता अजून."

किती वेळ गेला सांगता येत नाही. धुकं विरलं तेव्हा तलावाचा तो कोपरा मोकळा होता, आणि माणसं ओल्या अंगानं, खांद्यावर जाळी घेऊन पाळ चढत होती. जाळ्यांत थोडी मासोळी होती, बोटाएवढी. बाकीची गेली. वर्षाची मोठी मासोळी तलावात परत गेली. त्यांनी जाळी आमच्यापुढे गवतावर ठेवली, आणि आजी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

"लिव आता, माय. माही सून. सातवा सुरू हाये. पाय सुजले, डोकं ठणकते, डोयाले अंधारी येते."

मग तिच्या मागची बोलली. मग तिच्या शेजारचा. कोणाला कित्येक महिन्यांचा खोकला, कोणाच्या पायाची न भरणारी जखम, कोणाच्या पोराला रात्री येणारे झटके. टॅब कुठे पडला होता कोण जाणे, मी वहीत लिहीत होते आणि अक्षरं डोळ्यांतल्या पाण्यानं फुटत होती. साहेबांनी आपली गाडी सुरू करायला सांगितली आणि सुनेला त्याच गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. त्यांनी टोल्याच्या थांब्यावर सही कधी केली ते मी पाहिलंही नाही.

सर मात्र त्या जाळ्यांपाशी खाली बसले होते. मला वाटलं, आता तरी बरं वाटलं असेल त्यांना, थांबा मिळाला. मी जवळ गेले. ते जाळ्यातली एक छोटी मासोळी सोडवत होते.

"मी वाचून दाखवाचा हट्ट नसता केला तं?" ते म्हणाले.

"सर, चूक माझी होती. मी तिथं थांबलेच नाही."

"हव," ते म्हणाले. त्यांनी ते नाकारलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. "तुही होती. माही बी होती. आणि भरलं कोणी, पाह्य." मग वहीकडे बघत, "खर्चाच्या रकान्यात काय लिहिलं?"

"काहीच नाही. औषधपाणी झालंच नाही तर खर्च कुठला?"

"घेर लिव," सर म्हणाले. "सगळ्या घरांत. घेर."

मी लिहिलं. पुढे वरून फोन आला, हे काय, इथे रक्कम हवी. सरांनी सांगितलं की रक्कम तुम्ही काढा, मला येत नाही. त्या अभ्यासानंतर त्यांनी काम सोडलं आणि अड्याळला जाऊन राहिले. कोणी म्हणतं, थकले. मला विचाराल तर त्यांनी तो दिवस स्वतःला कधी माफ केला नाही. मी भेटायला जाते अधूनमधून. आम्ही त्यावर बोलत नाही. आता ऐकूही कमी येतं त्यांना.

सून वाचली. मुलगी झाली तिला.

गाडी टोल्यात दर मंगळवारी येते. मागच्या हिवाळ्यात मी मुद्दाम गेले होते, घेर पाण्यात होता तेव्हा. आजी आता नाही. गाडीपुढे रांग होती, धुक्यात, आणि रांगेत एक शब्द नाही. डॉक्टर बाई तरुण होती, बाहेरची. ती कोणालाच काही विचारत नव्हती. समोर आलेल्याचा हात हातात घ्यायची, नाडी पाहायची, पापणी ओढून पाहायची, पाय दाबून पाहायची, आणि गोळ्या तळहातावर ठेवून बोटांनी किती ते दाखवायची. मी नर्सला हळूच विचारलं, हे कोणी शिकवलं तुम्हाला?

"एक म्हातारे सर येत होते जी पहिल्या वर्षी," ती म्हणाली. "दर मंगळवारी, अड्याळवरून, बस बदलून. बोलत नोहते काही. रांगेत उभे राहात, नंबर आला का हात पुढं करत. मॅडमनं तीनदा विचारलं, काय होते बाबा, तं नुसते हसले. चौथ्यांदा मॅडमनं विचारलंच नाई, नाडी पाहिली. तं म्हणे, 'बस्स, असंच,' आणि गेले. मंग नाई आले."